कड्याखालची तारीख

४ नोव्हेंबर

बारक्या,

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरूनच लिहितोय, तेव्हा उत्तर न देऊन मला धक्का द्यायच्या फंदात पडू नकोस. बाबांचा पाइप माझ्याकडे आहे. चोरीला गेलेला नाही, हरवलेला नाही. कपाटाचा खालचा कप्पा उपसत बसला असशील तर ऊठ, गुडघे धरतील.

चिमणी घेऊन आली. शनिवारी सकाळी मी दुकान उघडून झाडू मारत होतो, तर दारात एक बाई उभी. पायात जाड बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी, केस आखूड कापलेले. मी म्हटलं, "मीटर मागच्या बाजूला आहे." तर म्हणते, "काका, मी चिमणी." शेवटची पाहिली तेव्हा शाळेच्या गणवेशात होती. आता लिफ्टा दुरुस्त करते म्हणे, बावीस-बावीस मजले. चिवचिवाट करायची म्हणून आपण तिला चिमणी म्हणायचो. मला वाटतं, दुसऱ्या अर्थानेही ते नाव तिला शोभतं. तुमच्या घरात साठलेला धूर बाहेर काढणारी तीच एक दिसते.

तिने पिशवीतून लोकरी मोजा काढला आणि काउंटरवर ठेवला. मोज्यात पाइप. मान उभी चिरलेली, दांडीचं टोक तुटलेलं, आणि वाटीच्या कुशीवर तो नाण्याएवढा काळा डाग, होता तसाच. घराला रंग द्यायला काढला, कपाट सरकवताना तिच्या हातून पडला, असं म्हणाली. तू ओरडला नाहीस. तुकडे मोज्यात घातलेस, मोजा कप्प्यात ठेवलास आणि तीन दिवस तोंडातून चकार शब्द काढला नाहीस.

"ओरडले असते तर बरं झालं असतं, काका. एका घरात राहून तीन दिवस असं गप्प कसं राहतं माणूस?"

मी म्हटलं, "आमच्याकडे नऊ वर्षं राहतात. तीन दिवसांचं काय घेऊन बसलीस?"

हसली. हसणं आईवर गेलंय, हट्ट तुझ्यावर.

पाइप होईल. तुला माहीत आहे, या दुकानातून 'होत नाही' असं ऐकून कोणी परत गेलेलं नाही. बाबांच्या काळात नाही, माझ्याही काळात नाही. मान जोडता येईल, दांडी नवी करता येईल. डाग मात्र आतून आलेला आहे, लाकूडच जळलंय. ते कितपत सावरतं ते काजळी खरवडल्यावर कळेल.

तिने विचारलं, डाग कशाने पडतो. मग मी तिला माझं नेहमीचं पुराण लावलं. पाइप म्हणजे शेवटी लाकूड. ओढताना ते तापतं आणि ओल पितं. एकदा ओढला की निदान एक अख्खा दिवस त्याला खुंटीवर टांगायचा, आत लोकरीची तार घालून. ओल निघून जाते, लाकूड कोरडं होतं, आणि पुढच्या खेपेला धूर थंड येतो, गोड येतो. म्हणून पाइप ओढणाऱ्याकडे एकच पाइप असू नये. तीन असावेत. सात असले तर तो राजा. एकालाच रोज राबवला तर आधी तोंड कडू होतं, मग नळीत गुडगुड होते, आणि शेवटी वाटी आतून जळत जाते.

"म्हणजे हा रोज ओढला गेला?"

"दिसतंच आहे."

"बाबा फक्त रविवारी ओढायचे."

मी पाइप परत मोज्यात घातला. मुली बापाची बाजू घेतात. घ्यावीच.

त्या दिवशी दुकानात मी तुला जे बोललो ते बोललो. मला त्यात पुन्हा शिरायचं नाही. पाइप दुरुस्त करून देतो, एवढंच सांगायला हे पत्र. अक्षर वाकडं वाटलं तर पेन नवं आहे.

दादा

१३ नोव्हेंबर

बारक्या,

सकाळचे दहा वाजलेत, दुकानात कोणी नाही, म्हणून प्रगती कळवतो.

काजळी खरवडायला घेतली. बोटाबोटाने चाललंय. घाई केली की सुरी लाकडात घुसते, हे तुला सांगायला नको. तुझ्या अंगठ्यावर त्याची खूण अजून असेल. बाबा म्हणाले होते, "बारक्या, पाइप खरवडायचा असतो, खणायचा नसतो." तू रक्ताने माखलेला हात घेऊन हसत होतास आणि मी रडत होतो. मी मोठा असून.

भिंतीवरच्या सात खुंट्या, प्रत्येक वाराची एक, तशाच आहेत. बाबांचे बाकीचे सहाही तिथेच आहेत. मी ते ओढत नाही, पुसून ठेवतो. रविवारच्या खुंटीवर मी काही टांगलेलं नाही. गिऱ्हाइकं विचारतात. मी म्हणतो, सुट्टीवर आहे.

जजसाहेब अजून येतात. निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण खुर्चीत बसले की अजून निकालच देतात. परवा तक्रार घेऊन आले की तंबाखू कडू लागते, मी भेसळीचा माल देतो. मी त्यांचा पाइप हातात घेतला तर गरम. म्हटलं, "साहेब, हा आज कितव्यांदा?" म्हणे, चौथ्यांदा. "आणि दुसरा कुठाय?" दुसरा म्हणे आवडत नाही. मी म्हटलं, "आरोपीला तुम्ही रोज उभा करता, साक्षीदाराला बोलवतच नाही, आणि मग मला भेसळीची शिक्षा!" आपला शिंपीही बसला होता, तो एवढा हसला की त्याच्या तोंडातली टाचणी खाली पडली. आम्ही तिघं दहा मिनिटं जमिनीवर टाचणी शोधत होतो.

डॉक्टर, आपले दातांचे, तेही येतात. त्यांनी मला तुझ्याबद्दल सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. शहरात तुझ्या हातची कवळी सगळ्यांत चपखल बसते म्हणे. त्यांच्या सासूबाई तुझ्या कवळीने अक्रोड फोडतात. मला आश्चर्य वाटलं नाही. पाइपची रबरी दांडी घासून आरशासारखी करायचास, तेव्हाच बाबा म्हणायचे की हा कुठेही उपाशी मरणार नाही. माझ्याबद्दल तसं कधी म्हणाले नाहीत. पण दुकान मला दिलं, तेव्हा विश्वास असणारच.

चिमणी पुन्हा येऊन गेली. पाइप झाला का ते बघायला आली आणि लेथचा आवाज ऐकून तोंड वाकडं केलं. "काका, हा पट्टा रडतोय." मी नको नको म्हणेपर्यंत तिने झाकण उघडलं, पट्टा काढला, तासाभरात बसवून दिला. आता लेथ मांजरासारखा घुरघुरतो. तुझ्या वहिनीने तिला बळेच जेवायला थांबवलं. जाताना मला म्हणाली, "तुम्ही पत्र लिहिता ते बाबा वाचतात. मला दाखवत नाहीत, पण टाकूनही देत नाहीत." हे तिने सांगितलं नसतं तरी मी लिहिलं असतं. तरी बरं झालं सांगितलं.

आज मानेवरचं चांदीचं कडं काढलं. चीर किती आत गेलीय ते पाहायचं तर ते काढावंच लागतं.

थांबतो इथे. वहिनी जेवायला हाक मारतेय.

दादा

२ डिसेंबर

बारक्या,

मागच्या पत्राच्या शेवटी मी लिहिलं की वहिनी जेवायला हाक मारतेय. तेव्हा साडेदहा वाजले होते. कोणी हाक मारली नव्हती. त्यानंतर तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं, हे पाठवणार आहे.

बाबांची सवय तुला आठवत असेल. कुठलाही पाइप दुरुस्त केला की कड्याखाली सुईने तारीख कोरायची, आणि कामाचं एक अक्षर. जोडकामाला जो, दांडीला दां, वाटी आतून जळली की बसवायच्या राखेच्या लेपाला ले. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसायचं नाही. पुढे तोच पाइप परत आला तर आपण काय केलंय ते आपल्याला कळावं, म्हणून.

रविवारच्या पाइपच्या कड्याखाली बाबांच्या हातची तारीख आहे. एकोणीस सप्टेंबर, ते गेले त्याच वर्षीचा. आणि खाली ले.

मी आधी चष्मा पुसला. मग भिंग घेतलं. मग वाटीत उजेड पाडून पाहिलं. काजळीच्या खाली, डागाच्या बरोबर मागे, राखेचा लेप आहे. जुना, भेगाळलेला, कडेने सुटलेला. बाबांचाच हात. कडेला अंगठ्याने दाबून बसवलेला.

आता हिशेब तूच लाव. जुलैअखेर त्यांना दवाखान्यात हलवलं. सप्टेंबरात अकरा दिवस घरी आणलं. पुन्हा नेलं आणि ऑक्टोबरात ते गेले. त्या अकरा दिवसांत एकदा त्यांनी मला म्हटलं होतं, मला अर्धा तास दुकानात बसव. मी खुर्ची ठेवली, उशी दिली आणि औषधं आणायला गेलो. मला वाटलं, हत्यारांना एकदा हात लावायचा असेल. परत आलो तर ते हात पुसत होते.

म्हणजे पाइप तुझ्या हाती जाण्याआधीच जळलेला होता. बाबा दवाखान्यात होते तेव्हा दुकानात एकच माणूस बसत होता.

मी बसत होतो. माझे स्वतःचे सहा पाइप होते, एकालाही हात लावला नाही. सकाळी दवाखान्यात जाऊन यायचो, शटर वर केलं की पहिला हात रविवारच्या खुंटीकडे जायचा. सकाळी तोच, दुपारी तोच, संध्याकाळी तोच. गरम असतानाच पुन्हा भरायचो. समोर गिऱ्हाईक बसवून त्याला विश्रांतीचं पुराण सांगायचो आणि तोंडात तो पाइप. सात आठवडे. तोंड कडू झालं होतं. मला वाटायचं, काळजीने होतंय.

पाइप जळला आहे हे मला माहीत नव्हतं. हे अगदी खरं. पण मी तो कसा ओढला हे मला माहीत होतं, आणि वर्षभराने तू डाग दाखवायला आलास त्या दिवशीही माहीत होतं. तू म्हणालास, "दादा, मी रविवारीच ओढतो रे, मग हा असा कसा झाला?" प्रश्न विचारायला आला होतास तू. तेव्हा काजळी एवढी चढलेली नव्हती, वाटीत एकदा डोकावलो असतो तर लेप दिसला असता. मी डोकावलो नाही. हातात फिरवला, काउंटरवर आपटला आणि म्हणालो की बाबांची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही.

आणखी एक. आई सांगायची, बाबा म्हणाले होते, दुकान थोरल्याला आणि रविवारचा पाइप बारक्याला. मी हे दहा वर्षं असं समजत आलो की लाडक्याला लाडकी वस्तू गेली, राबायचं ते माझ्या वाट्याला आलं. आता समजतंय. त्यांनी लेप लावला तेव्हाच त्यांना कळलं होतं पाइपला कोणी राबवलंय ते. म्हणून जिथे त्याला विश्रांती मिळेल तिथे पाठवला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उशी नीट करायला वाकलो तेव्हा माझ्या मानेवर हात ठेवला होता, बस.

पेनही नवं नाही. हात थरथरतो. दोन वर्षं झाली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. बारीक कामाला आहे, हे ते बोलले नाहीत. नवी दांडी कापली ती वाकडी कापली. दुसरी कापली, तीही वाकडी. अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीला सांगावं लागलं नाही, ती कप फक्त अर्धा भरते.

पाइपच्या बाबतीत मी चुकलो. सपशेल चुकलो. तुझा काडीचाही दोष नव्हता.

दादा

१२ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी चार ओळी. मी मोजल्या.

"दादा, पाइपचं कळलं. बाबांचंही कळलं. पण वाक्य अर्धंच लिहिलंस. उरलेलं अर्धं तू चार माणसांसमोर बोलला होतास. बारक्या."

खरं सांगू? दोन दिवस मी तुझ्यावर भडकलो होतो. माणूस एवढा वाकतो आणि समोरचा म्हणतो, अजून वाक. मी दुकानात आदळआपट केली, तंबाखूच्या डब्याचं झाकण वाकवलं. वहिनीने पत्र मागितलं, वाचलं, घडी घातली.

"यात त्याने चुकीचं काय लिहिलंय?"

"मी सगळं कबूल केलं ना!"

"पाइपचं केलंत. पाइपला कुठे लागलं होतं?"

आणि आत निघून गेली. तुझी वहिनी कमी बोलते, पण बोलते ते वर्मावर.

तर उरलेलं अर्धं. मला ते आठवत नव्हतं असं लिहायचा मोह झाला होता. आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणालो होतो, "बाबांची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही. बायको टिकली नाही तुझ्या हातात, पाइप काय टिकणार!"

लिहिलं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरला नाही, उगाच त्याच्यावर ढकलणार नाही.

चिमणीची आई तुला सोडून गेली त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. चिमणीचे डबे तू करत होतास, मला माहीत होतं. खुर्च्यांवर जजसाहेब होते, डॉक्टर होते, शिंपी होता. शनिवारची अकराची बैठक. तू पाइप उचललास, रुमालात गुंडाळलास, आणि डॉक्टरांना "येतो" म्हणालास. मला नाही म्हणालास.

चार माणसांसमोर बोललो, तर चार माणसांसमोर मागे घेतो. तुझं म्हणणं रास्त आहे. या शनिवारी, अकरा वाजता. त्या तिघांपैकी एकही मेलेला नाही, ही देवाची मेहेरनजर. तुला बोलावत नाही. तू आलास तर मी तुला दाखवायला केलं असं होईल. तू नसतानाच करतो.

आणि मला भीती वाटतेय असं समजू नकोस. चाळीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभा राहून लोकांना त्यांच्या चुका सांगतोय. एक दिवस स्वतःची सांगेन.

दादा

१५ डिसेंबर, रविवार

बारक्या,

केलं. कसं केलं ते सांगतो, म्हणजे उद्या डॉक्टर तुला तिखटमीठ लावून सांगतील त्याआधी अस्सल प्रत तुझ्याकडे असेल.

अकराला तिघंही आले. जजसाहेब गुडघ्याबद्दल बोलत होते. त्यांचा गुडघा संपायची वाट पाहिली तर जानेवारी उजाडला असता, म्हणून मध्येच म्हटलं, "साहेब, मला काही बोलायचंय."

"बोला की. इथे बंदी कुठाय?"

मी काउंटरमागून बाहेर आलो. आडोशाला उभं राहून बोलणं बरं दिसलं नसतं. वहिनी चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

मी म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वी, इथेच, तुम्ही तिघं बसला होतात. माझा भाऊ बाबांचा पाइप घेऊन आला होता. तेव्हा मी त्याला एक वाक्य बोललो."

शिंपी म्हणाला, "आठवतंय."

या शिंप्याला काल घेतलेलं माप आज आठवत नाही. माझी पँट त्याने दोनदा आखूड केली. पण हे आठवत होतं.

मी वाक्य पूर्ण बोललो, दोन्ही अर्धी. मग सांगितलं की पहिलं अर्धं खोटं होतं, पाइप मी जाळला, बाबा आजारी असताना, रोज ओढून ओढून. आणि दुसरं अर्धं खरं की खोटं हा प्रश्नच नाही, ते बोलायचा मला अधिकार नव्हता. भाऊ प्रश्न घेऊन आला होता, मी त्याला जखम देऊन पाठवलं. ते मी मागे घेतो आणि त्याची माफी मागतो.

नेमका तेव्हाच एक नवीन गिऱ्हाईक आत आलं. तंबाखूची पुडी घ्यायला. बिचाऱ्याने आम्हा सगळ्यांची तोंडं पाहिली आणि म्हणाला, "मी नंतर येतो." मी म्हटलं, "नाही, थांबा. तुम्हीही ऐका. एक साक्षीदार जास्त असला तर बिघडत नाही." आणि शेवटची दोन वाक्यं त्याच्यासाठी पुन्हा म्हटली. तो "हो, हो, बरोबर आहे" म्हणाला. काय बरोबर आहे ते त्याला कुठून कळणार!

पुडी देऊन त्याला वाटेला लावलं. मला वाटलं, आता जजसाहेब निकाल देणार. त्यांनी तोंडातला पाइप काढला.

"मी त्या दिवशी हसलो होतो का हो?"

"हसला होतात."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

त्यांनी पाइप काउंटरवर उलटा ठेवला. मग म्हणाले, "मग माझंही मागे घ्या. त्याला लिहाल तेव्हा लिहा. नाव घालून लिहा." आयुष्यभर दुसऱ्यांची कबुली ऐकलेला माणूस, बारक्या. कान लाल झाले होते त्यांचे.

डॉक्टर म्हणाले, "मी हसलो नव्हतो. पण उठूनही गेलो नव्हतो. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्याकडे कवळ्यांचं काम पाठवायला लागलो आणि मनात म्हटलं, झाली भरपाई. त्याला हे कधी सांगितलं नाही."

म्हणजे तुझ्याकडचं ते काम कसं सुरू झालं ते मलाही कालच कळलं. काम टिकलं ते मात्र तुझ्या हातामुळे. सासूबाईंचे अक्रोड साक्षीला आहेत.

शिंपी उठला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "तुमच्या भावाचा कोट मीच शिवला होता, लग्नातला. छातीला छत्तीस आणि एक बोट." बस. ज्याला जे येतं ते तो बोलतो.

सगळे गेल्यावर वहिनीने ट्रे खाली ठेवला. चहा पार गार झाला होता. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

माझा आवाज नेहमीसारखाच होता, रस्त्यापलीकडच्या घड्याळवाल्यालाही ऐकू गेला असणार. नंतर शटर ओढायला मात्र दोनदा जोर लावावा लागला.

तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. पाइप तयार नाही, आणि माझ्या हातून आता होणारही नाही. हे वाक्य या दुकानात पहिल्यांदाच लिहिलं जातंय. मोज्यात घालून चिमणीकडे देतो. तुझ्या हातात कसब आहे, तूच कर.

दादा

९ जानेवारी

बारक्या,

मोजा चिमणीच्या हातून परत आला तेव्हाच मला वाटलं होतं की तू काहीतरी मनात धरलंयस. "बाबा म्हणाले, हा तिथेच राहू दे," एवढंच बोलून ती लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणाला तरी सोडवायला पळाली. त्यानंतर तीन आठवडे काही नाही. आणि मंगळवारी भर दुपारी तू दारात.

काय काय झालं ते तुला माहीत आहे, तू होतास. पण वहिनी म्हणते, तुम्ही दोघं चार तास फक्त लेथबद्दल बोललात, आता उरलेलं लिहून काढा. म्हणून लिहितोय.

तू कोट खुंटीला अडकवलास, स्टुलावर बसलास, माझ्या दोन्ही दांड्या उजेडात धरल्यास आणि म्हणालास, "या कोणी कापल्या?"

"मी."

"दिसतंय."

नऊ वर्षांनी भाऊ येतो आणि पहिलं वाक्य हे बोलतो! पण मला सांग, दुसरं कुठलं वाक्य बोलला असतास तर आपण दोघं काय करणार होतो? रडलो असतो आणि काम राहिलं असतं. मी कानस उचलली तेव्हा तू माझा हात पाहिलास. कानस माझ्या बोटांतून काढून घेतलीस आणि पाइप धरायला दिलास. धरणं मला जमतं. चार तास धरला. तू मान जोडलीस, काळ्या रबराची दांडी कापलीस, घासलीस. बाबांनी लावलेला लेप खरवडायची वेळ आली तेव्हा दोघंही थांबलो. तू म्हणालास, "काढू?" मी म्हटलं, "काढावाच लागेल, तो सुटलाय." तू काढलास. मी त्याची पूड कागदात घेतली. ती अजून माझ्याकडेच आहे, काय करायचं ते ठरलं नाही. मग नवा लेप आपण दोघांनी मळला. राख जास्त झाली हे मी तेव्हाच सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस.

बस स्टॉपवर तू म्हणालास, "ते वाक्य मला पाठ झालं होतं, दादा. रोज दाढी करताना ऐकू यायचं." आणि बस आली. मला उत्तर सुचलं होतं, पण ते गर्दीत ओरडून सांगण्याजोगं नव्हतं. दुकानात मी तुझी माफी सगळ्यांसमोर मागितली, फक्त तुझ्यासमोर मागितली नाही. ती मागायची राहिली. मला माफ कर, बारक्या. तू लेक एकट्याने वाढवलीस, आणि अशी वाढवलीस की बापाचा मोडलेला पाइप घेऊन ती माझ्या दारात उभी राहायला घाबरली नाही. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

बसच्या पायरीवरून तू विचारलंस, "लेप वाळायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "आठवडा तरी लागेलच." तू म्हणालास, "मग मंगळवारी येतो, बघू."

राखेचा लेप दोन दिवसांत वाळतो. हे बाबांनी आपल्याला शिकवलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी तेरा वर्षांचा. आत्ता बोट लावून पाहिलं, दगडासारखा घट्ट झालाय.

तू मंगळवारीच ये.

दादा